कर्कश वाद्यमेळातील व्हायोलिन

'डेथ मेटल' हे नाव कानी पडताच अभिजात संगीतावर पोसलेल्या श्रोत्याचा हात रेडिओच्या कळीकडे जावा, हे स्वाभाविक आहे. मरणाचे नाव मिरविणाऱ्या आणि गाण्याऐवजी गर्जना करणाऱ्या या संगीतात ऐकण्याजोगे काय असणार, अशी शंका कोणालाही येईल. तिचे उत्तर एका ध्वनिमुद्रिकेत सापडते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील 'नी ऑब्लिव्हिस्केरिस' या वाद्यवृंदाची 'पोर्टल ऑफ आय' ही ती ध्वनिमुद्रिका २०१२ साली प्रसिद्ध झाली. वृंदाचे नाव लॅटिन आहे; त्याचा अर्थ 'विसरू नकोस'.

प्रथम या संगीताची घडण पाहू. १९८० नंतरच्या दशकात, विशेषतः अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात, ते आकाराला आले. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरविलेल्या, त्यांचा नाद विजेच्या साहाय्याने मुद्दाम खरखरीत केलेला, ड्रमवर दोन्ही पायांचे अतिवेगवान आघात आणि या सर्वांवर गायकाची गुरगुर. ही गुरगुर म्हणजे बेताल ओरडणे, असे मानणे चुकीचे ठरेल. गायक श्वास ताब्यात ठेवून स्वरतंतूंच्या वर असलेल्या मांसल पडद्यांना कंप देतो; त्यासाठी पुष्कळ अभ्यास लागतो. मात्र अशा आवाजात स्वर स्थिरावत नाही. षड्ज कोठे आणि पंचम कोठे, हे त्यात शोधून सापडत नाही. कंठ जणू तालवाद्य होतो, आणि मग चाल कोणी सांभाळायची हा प्रश्न उरतो.

स्वीडनमधील गोटेनबर्ग शहराच्या वृंदांनी १९९० नंतरच्या दशकात त्याचे उत्तर गिटारमधून दिले. 'ॲट द गेट्स', 'इन फ्लेम्स' यांसारख्या वृंदांत दोन गिटार परस्परांशी सूर जुळवून चाल पुढे नेतात. यालाच 'मेलोडिक डेथ मेटल' म्हणतात. ज्यांनी आटोपशीर गीताची चौकट मोडून दीर्घ, वळणे घेत जाणाऱ्या रचना केल्या, त्यांना 'प्रोग्रेसिव्ह' हे विशेषण लागले. 'पोर्टल ऑफ आय'मध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात, आणि चालीचा मोठा भार व्हायोलिनवर पडतो.

मेटल संगीतात व्हायोलिन पूर्वी आलेच नव्हते, असे नाही. इंग्लंडच्या 'माय डाइंग ब्राइड' या वृंदाने ते १९९० नंतरच्या दशकातच वापरले होते. परंतु पुष्कळ ठिकाणी ते खिन्न वातावरण निर्माण करण्यापुरते येते. येथे व्हायोलिनवादक टिम चार्ल्स हेच स्वच्छ, सुरेल आवाजाचे गायकही आहेत. या ध्वनिमुद्रिकेत गुरगुरीचे काम झेनॉयर या नावाने वावरणाऱ्या गायकाकडे होते. त्यामुळे एक कंठ सूर सोडतो तेव्हा दुसरा तो उचलतो, आणि दोन्ही कंठ थांबले की गज बोलू लागतो. गायकामागोमाग जाणारे व्हायोलिन आपल्याकडे कर्नाटक संगीताच्या मैफलींत नेहमी ऐकू येते, आणि स्वतंत्र वादनात ते कंठाची जागा कशी घेते, हे वि. गो. जोग यांच्या रसिकांना सांगावयास नको. मेलबर्नच्या वृंदात ते या दोन्ही भूमिका आळीपाळीने करते.

'अँड प्लेग फ्लॉवर्स द कलायडोस्कोप' ही रचना या दृष्टीने अवश्य ऐकावी. आरंभी गिटार आणि व्हायोलिन यांचा संवाद स्पेनच्या फ्लामेंको शैलीची आठवण करून देतो. पुढे ड्रमचा गडगडाट सुरू होतो, पण आधी कानात बसलेली ती सुरावट त्या गर्दीतही वाट दाखवीत राहते. 'फर्गेट नॉट' या रचनेत तर बराच वेळ वाद्येच हळूहळू उंची गाठतात. गर्जना मागाहून येते आणि म्हणूनच ती भिडते.

दोष नाहीत, असे मुळीच नाही. रचना सात, वेळ सत्तर मिनिटांच्या पुढे आणि वेग बहुतांशी प्रचंड. नवख्या कानाला थकवा येतो. ड्रमचे आघात कोठे कोठे इतके दाट पडतात की गजाची नाजूक कामे त्याखाली बुडतात. एकेका दिवशी एकच रचना ऐकावी, हे बरे.

या ध्वनिमुद्रिकेला उशीरही पुष्कळ लागला. वृंदाची स्थापना २००३ सालची. सातांपैकी तीन रचना २००७ मध्येच नमुना-ध्वनिमुद्रणाच्या रूपाने श्रोत्यांपुढे आल्या होत्या, परंतु पूर्ण कृती सिद्ध होण्यास आणखी पाच वर्षे गेली. अशा संगीताला मोठा बाजार नाही, आणि ऑस्ट्रेलियाहून युरोप-अमेरिकेत जाऊन कार्यक्रम करणे फार खर्चाचे. २०१४ मध्ये वृंदाने जगाच्या दौऱ्यासाठी रसिकांकडे वर्गणी मागितली. मागणी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची होती. जमा झाले त्याच्या दुपटीहून अधिक.