पडदा-जाळीचा दाब स्थिर ठेवणे

जबलपूर आणि संदेशवहन यांचे नाते जुने आहे. लष्कराच्या सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्र या शहरात आहे. दूरसंचार प्रशिक्षणाची संस्थाही येथे १९४२ पासून चालत आली आहे. अशा गावातील एखाद्या हौशी बिनतारी प्रेषकाने परवाना मिळवून घरच्या घरी नळ्यांचा विवर्धक बांधावयास घेतला, तर त्याला सर्वांत अधिक सतावणारा प्रश्न कोणता? उच्च दाबाचा रोहित्र मिळवणे हा नव्हे. नळीच्या पडदा-जाळीचा, म्हणजेच स्क्रीनचा, विद्युत्‌दाब स्थिर कसा ठेवावा, हा होय.

प्रथम या जाळीचे प्रयोजन पाहू. तीन अग्रांच्या नळीत धनाग्र आणि नियंत्रक जाळी यांच्यातील धारितेमुळे विवर्धित शक्तीचा काही अंश मागे फिरतो आणि नळी आपण होऊन आंदोलने निर्माण करू लागते. हा दोष टाळण्यासाठी त्या दोहोंच्या मध्ये आणखी एक जाळी बसविण्यात आली. परंतु या सोयीची किंमत द्यावी लागते. धनाग्राकडे जाणारा प्रवाह आता धनाग्राच्या दाबावर फारसा अवलंबून राहत नाही. तो मुख्यतः पडद्याच्या दाबावर ठरतो. हा दाब डळमळला की सारा विवर्धक डळमळतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जुन्या सामानातून हौशी मंडळींच्या हाती आलेल्या ८०७ या नळीचे उदाहरण घेऊ. तिच्या धनाग्रास ६०० व्होल्ट आणि पडद्यास ३०० व्होल्ट देता येतात. नवशिक्या मनुष्य ६०० व्होल्टच्या तारेतूनच एक रोधक घालून पडद्याचा दाब उतरवितो. पण आवाज बंद असताना पडद्याचा प्रवाह अगदी अल्प असतो. त्यामुळे रोधकात दाब खर्च होत नाही आणि पडद्याचा दाब ६०० व्होल्टकडे झेपावतो. बोलणे सुरू होताच प्रवाह वाढतो व दाब कोसळतो. शब्दागणिक होणाऱ्या या चढउतारामुळे आवाज विकृत होतो, संदेश ठरलेल्या पट्ट्याबाहेर पसरतो आणि इतरांच्या संभाषणात अडथळा येतो.

यावर जुना आणि सुबोध उपाय म्हणजे वायुभारित स्थिरक नळी. ओ-डी-३ ही नळी ५ ते ४० मिलिअँपियरपर्यंत आपल्या टोकांमधील दाब १५० व्होल्टच्या आसपास राखते. अशा दोन नळ्या एकसरीत जोडल्या की ३०० व्होल्ट मिळतात. पुरवठा ४०० व्होल्टचा असेल, तर १०० व्होल्ट रोधकात खर्च व्हावयास हवेत. स्थिरकातून ३० मिलिअँपियर वाहावेत असे ठरविल्यास रोधक सुमारे ३,३०० ओहम येतो. त्यात ३ वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून १० वॅटचा रोधक घ्यावा. ८०७ च्या जोडीने कमाल २० मिलिअँपियर ओढले, तरी स्थिरकाकडे १० उरतात आणि दाब ढळत नाही.

आता घरातील वीज २३० वरून २०० व्होल्टवर उतरली असे समजा. ४०० चे सुमारे ३४८ व्होल्ट होतील. प्रवाह १४ मिलिअँपियरवर येईल. पडद्याने ९ मिलिअँपियरपर्यंत घेतले तर स्थिरक तग धरील, त्याहून अधिक घेतल्यास विझेल. शिवाय दोन नळ्या प्रथम पेटण्यास सुमारे ३७० व्होल्ट लागतात. विजेचा दाब पडलेला असताना यंत्र सुरू केल्यास त्या पेटणारच नाहीत असे होऊ शकते. म्हणून मूळ पुरवठ्यात थोडा वाव ठेवणे हिताचे. स्थिरकास समांतर मोठे धारित्र जोडू नये, ०.१ मायक्रोफॅरडपेक्षा अधिक धारिता असल्यास नळी लुकलुकू लागते.

काही नळ्यांत पडद्यावरून दुय्यम इलेक्ट्रॉन निसटतात आणि प्रवाह उलटा वाहतो. केवळ एकसर नियामक असेल, तर तो हा प्रवाह शोषू शकत नाही आणि दाब चढत जातो. समांतर जोडलेला स्थिरक मात्र तो सामावून घेतो. आज झेनर डायोड व ट्रान्झिस्टर वापरूनही असा स्थिरक बांधता येतो. तत्त्व मात्र तेच.

आणखी एक दक्षता. धनाग्राचा पुरवठा बंद पडला आणि पडद्याचा चालू राहिला, तर इलेक्ट्रॉनांचा सारा लोंढा पडद्यावर येतो. ८०७ चा पडदा जेमतेम ३.५ वॅट सोसतो. तो लाल होऊन जळतो. म्हणून धनाग्राला दाब मिळाल्याखेरीज पडद्याला तो मिळू नये, अशी रिलेची योजना करावी. तसेच झाकण उघडण्यापूर्वी पुरवठा तोडून धारित्रे रिकामी झाल्याची खात्री करावी. ६०० व्होल्ट मनुष्याचा प्राण घेऊ शकतात.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपुराने भूकंपाचा धक्का अनुभवला. २००१ च्या भुज भूकंपानंतर हौशी बिनतारी केंद्रांनी निरोप पोहोचविण्याचे काम केले. अशा वेळी वीज बहुधा जनित्रावर चालते आणि तिचा दाब खालीवर होतो. त्या प्रसंगी शब्द स्वच्छ पोहोचावा, यासाठीच ही सारी खटपट असते.