सुई, सूत आणि सूची

पदवी परीक्षांचे निकाल लागले की प्रवेशांची धांदल सुरू होते. कोणी कायद्याकडे वळतो, कोणी शिक्षणशास्त्राकडे, कोणी व्यवस्थापनाकडे. या गर्दीत ग्रंथालयशास्त्राचा अर्ज भरणारा विद्यार्थी आढळलाच, तर त्याच्याकडे आपला समाज काहीशा करुणेने पाहतो. ‘दुसरीकडे कुठे जमले नाही वाटते?’ हा प्रश्न नातेवाईक उघड विचारतात, शेजारी मनात ठेवतात. पुस्तके कपाटात लावावयाची आणि मागितली की काढून द्यावयाची, एवढ्यासाठी पदव्युत्तर शिक्षण कशाला, असा त्यामागचा समज. तो किती उथळ आहे हे पाहण्यासाठी गोव्याच्या वाचकाला फार लांब जावे लागणार नाही. वास्कोहून गाडीत बसावे, दूधसागर ओलांडावा, लोंढा मागे टाकावा आणि हुबळीला उतरावे. तेथील फलाट १५०७ मीटर लांबीचा आहे, आणि मार्च २०२३ पासून जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून त्याचा पुष्कळ गाजावाजा झाला आहे. ते कौतुक तेथे चालणाऱ्या पायांना वाटत नाही, हा भाग वेगळा. स्थानकाला ज्या सिद्धारूढ स्वामींचे नाव दिले आहे, त्यांच्या मठाचा रस्ता धरला की जुनी हुबळी लागते.

ही वस्ती सुताची आणि कापडाची. कारवारच्या इंग्रज वखारीला लागणारे कापड याच बाजारातून घाटाखाली उतरत असे. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने हुबळीची पेठ लुटली तेव्हा इंग्रजांच्या मालालाही झळ लागली, आणि त्या नुकसानीचे रडगाणे मुंबईकर इंग्रजांनी पुढे वर्षानुवर्षे चालविले. १७५५-५६ च्या सुमारास जुनी हुबळी सावनूरच्या नबाबाकडून पेशव्यांकडे आली व फडक्यांच्या कारभाराखाली गेली. नवी हुबळी सांगलीकर पटवर्धनांकडे राहिली. १८१७ मध्ये जुनी आणि १८२० मध्ये नवी, अशा दोन्ही हुबळ्या इंग्रजांच्या हाती पडल्या. त्या राजवटीमुळे दप्तरात मराठी भाषा आणि मोडी लिपी रुजली होती. एकोणिसाव्या शतकात डेप्युटी चन्नबसप्पा आदींनी कन्नड शाळांसाठी जी खटपट केली ती न्याय्यच होती. मुलांना त्यांच्या घरच्या भाषेत शिकवावयाचे नाही तर कोणत्या? १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. मराठी बोलणारी घरे मात्र होती तेथेच राहिली.

अशा घरातील एखादी मुलगी धारवाडला कर्नाटक विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात जाते, तेव्हा तिच्या दिवसाला चार भाषा पुरत नाहीत. स्वयंपाकघरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारच्या गल्लीत हुबळीची खास दखनी आणि वर्गात इंग्रजी. जुळ्या शहरांमध्ये २०१८ पासून ‘चिगरी’ नावाची जलद बस धावू लागली; चिगरी म्हणजे हरिण. तिने सकाळी पावटेनगर गाठावयाचे, तास संपले की प्राध्यापक बसवनाळ यांच्या नावाच्या विद्यापीठ ग्रंथालयात बसावयाचे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावयाचे. घरी आल्यावर पुस्तक लगेच हाती येते असे नाही. प्रथम कणीक मळावी लागते.

तिच्या अभ्यासाचा गाभा वर्गीकरणाचा. ऐकताना हे कोरडे वाटते. पण धारवाडात बसून वर्गीकरण करणे म्हणजे आपल्या सामाजिक इतिहासाशी रोज झटापट करणे आहे. द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना मिळाले ते ‘नाकु तंती’ या कन्नड काव्यसंग्रहासाठी, आणि मराठीतही त्यांनी लेखन केले. ड्यूईच्या दशांश पद्धतीप्रमाणे त्यांची कन्नड पुस्तके ८९४ च्या घरात जातात आणि मराठी पुस्तके ८९१ च्या. म्हणजे एकच कवी दोन कपाटांत विभागला जातो. गिरीश कार्नाड घरी कोकणी बोलणारे, जन्म माथेरानचा, शिक्षण धारवाडचे आणि नाटके कन्नड. त्यांना कोठे ठेवावयाचे हे सांगताना त्यांचे घर विचारावयाचे नसते, पुस्तकाची भाषा विचारावयाची असते. ड्यूईने कोकणी साहित्याला मराठीच्या क्रमांकापुढे एक नऊचा आकडा जोडून जागा दिली आहे. कोकणी १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, तरी तो दशांश हललेला नाही. आमच्याकडील भाषावाद्यांचे तिकडे अजून लक्ष गेलेले दिसत नाही, हे ग्रंथपालांचे भाग्यच म्हणावयाचे.

डॉ. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू पद्धतीत लेखकाचे जन्मवर्षच त्याच्या क्रमांकात येते. त्यामुळे १८९६ चे बेंद्रे आणि १९२३ चे जी. ए. कुलकर्णी यांच्यातील पिढीचे अंतर पुस्तकाच्या पाठीवर वाचता येते. जी. एं.चे नाव निघाले म्हणून सांगावयास हवे. या धारवाडकर प्राध्यापकाला ‘काजळमाया’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला, पण पुस्तकाच्या प्रकाशनकालावरून वाद उठताच त्यांनी तो परत केला. शीर्षकपृष्ठामागच्या एका वर्षासाठी एवढे मोठे प्रकरण घडू शकते, हे ज्या मुलीला कळते ती तालिकापत्रावर वर्ष लिहिताना घाई करीत नाही. आणि ‘काजळमाया’ ती परीक्षेसाठी वाचत नाही. सुटीच्या दिवशी दुपारी, घर निजलेले असताना वाचते. नेमलेल्या पुस्तकांखेरीज काही न वाचणारा ग्रंथपाल वाचकाला काय सांगणार?

आता सुईकडे वळू. संस्कृतात ‘सूची’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, सुई आणि यादी. जुन्या हुबळीत ते दोन्ही एका घरात नांदू शकतात. धारवाड-हुबळीकडचा कशिदा, ज्याला तिकडे ‘कसुती’ म्हणतात, इरकली लुगड्यांच्या पदरांवर आणि काळ्या चंद्रकळेवर आपल्या आज्यांनी पाहिलेला आहे. त्याचे टाके चार. गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. गवंतीत धागा एक घर सोडून एक घर भरीत पुढे जातो आणि परतताना राहिलेली घरे भरून काढतो, म्हणून कापडाची उजवी व उलटी बाजू सारखीच दिसते. मुरगी पायऱ्यापायऱ्यांनी नागमोडी चालते. नेयगी विणकामासारखी दिसते. कन्नडमध्ये नेयगी म्हणजे विणणेच. मेंथी फुलीच्या टाक्याची, मेथीच्या दाण्यासारखी भरीव. कापडावर आधी रेखाटन करावयाचे नाही, धाग्याला गाठ मारावयाची नाही. ताण्याबाण्याचे धागे डोळ्यांनी मोजीत जावयाचे. एक धागा चुकला तर गोपुराचा कळस कलतो आणि मग मागे जाऊन सारे उसवावे लागते.

ज्या मुलीने आईजवळ बसून असे धागे मोजले आहेत, तिला दशांशचिन्हापुढील आकड्यांचा कंटाळा येत नाही, असे आमचे मत आहे. पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. रथ, पालखी, हत्ती, शंख, तुळशीवृंदावन असे कशिद्याचे नमुने आईकडून मुलीकडे हातानेच गेले. या कलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली आहे, ते योग्यच झाले. पण ती नोंद नावाचे रक्षण करते, नमुना आठवणीत ठेवणे तिचे काम नव्हे. नमुन्यांची पुस्तके निघाली आहेत, प्रदर्शने भरतात. तरीही कोणता नमुना कोणत्या गावचा, किती धाग्यांचा, कोणत्या प्रसंगाच्या लुगड्यावर काढीत, त्याला कन्नड घरात काय म्हणत आणि मराठी घरात काय, ही माहिती म्हाताऱ्या बायकांच्या बोटांत आहे. बोटे थकली की ती जाणार. ड्यूईच्या पद्धतीत भरतकामाला ७४६.४४ हा क्रमांक तयारच आहे. त्याखाली काय ठेवावयाचे, हे गोळा करण्याचे शास्त्र जिला शिकविले आहे आणि जिची आजी ही लुगडी नेसत होती, अशी व्यक्ती आपल्याला शोधूनही मिळणार नाही. तिला मात्र एखाद्या महाविद्यालयाच्या देवघेव खिडकीवर बसविण्यापलीकडे आपल्या व्यवस्थेला काही सुचत नाही.

हाताच्या कामाची ही हेळसांड आता ग्रंथालयातही शिरली आहे. संगणक आले, ‘कोहा’सारखी न्यूझीलंडमध्ये २००० साली जन्मलेली मुक्त प्रणाली आली, त्यांचे आम्ही स्वागतच करतो. तालिका संगणकावर गेल्याने वाचकाचे हेलपाटे वाचले. पण पुस्तक कागदाचेच आहे. फर्मे शिवावयाचे कसे, खळीत मोरचूद का घालावयाचा, कसरीने खाल्लेल्या पानाला पातळ कागदाचा आधार कसा द्यावयाचा, पाठीवरचे कापड कोणते टिकते, हे पूर्वीचे ग्रंथपाल बांधणीकाराशेजारी उभे राहून शिकत. आज पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे बहुधा वाचून माहीत असते. जिच्या घरी शिवणयंत्र आहे आणि कशिद्याची पेटी आहे, तिला सूत, सुई आणि ताण यांचा अंदाज आधीच असतो. फर्मा शिवायला तिला फार शिकवावे लागणार नाही.

हातकामाचे दैव किती चंचल असते याचे उदाहरण त्याच शहरात आहे. हुबळीच्या बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे, १ नोव्हेंबर १९५७ रोजी स्थापन झालेला. प्रमाणित राष्ट्रध्वज तेथे तयार होतात. सहा इंच बाय चार इंचांपासून एकवीस फूट बाय चौदा फुटांपर्यंत नऊ आकार. खादी कातावयाची, विणावयाची, रंगवावयाची, चोवीस आऱ्यांचे चक्र दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळेल असे छापावयाचे, मग शिवण आणि शेवटी दोरी. यातील पुष्कळसे काम बायकांच्या हातचे. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे ध्वजही चालतील असे ठरले. घरोघर ध्वज पोहोचावा हा हेतू चांगला असेल, पण हातमागावर पोट असलेल्यांना त्याचा फटका बसला. कायद्यातील एका शब्दाने जे मोडते ते पुन्हा उभे करणे अवघड असते; निदान ते कसे केले जात होते याची नीट नोंद तरी कोणी ठेवावी की नाही?

येथवर हुबळीची गोष्ट सांगितली. पण आमचा रोख गोव्याकडे आहे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कर्नाटकाने १९६५ मध्ये कायदा केला आणि घरपट्टीवर उपकर बसविला. महाराष्ट्राने १९६७ मध्ये कायदा केला, उपकर टाळला. गोव्याने १९९३ मध्ये कायदा केला आणि उपकर मद्यावर बसविला. पिणाऱ्याने वाचणाऱ्याची सोय करावी, ही कल्पना आमच्या राज्याला शोभणारीच. ग्रंथांचा आणि कागदपत्रांचा वारसा म्हणाल तर आमच्याइतका जुना फार थोड्यांकडे असेल. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चे, म्हणजे देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. आज त्याला ज्यांचे नाव आहे त्या केळशीच्या कृष्णदास शामांनी १५२६ मध्ये श्रीकृष्णचरित्र मराठीत लिहावयास घेतले. पुराभिलेखागाराची स्थापना १५९५ ची. तेथे पोर्तुगीज दप्तरांबरोबर मोडीतील कागद आहेत आणि गोंयकानडी लिपीतीलही आहेत. ही लिपी कन्नडच्या कुळातली. मोडी वाचणारे आमच्याकडे मोजके, गोंयकानडी वाचणारे त्याहून मोजके. कन्नड अक्षर बालपणापासून परिचयाचे, मराठी घरची, तालिकेचे शास्त्र पदवीचे आणि फाटलेला कागद हाताळण्याइतकी हलकी बोटे, असा संयोग जुन्या हुबळीत आढळू शकतो. गोव्यातून एकच रेल्वे तिकडे जाते आणि ती आपण तिरुपतीच्या यात्रेसाठी किंवा हुबळीच्या इस्पितळासाठी पकडतो.

येथे कोणी म्हणेल, गोव्याच्या सरकारी नोकरीला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, कोकणी यावी लागते. परप्रांतीय मुलीला घेणार कसे? ती अट योग्य की अयोग्य हा वाद आज उकरण्याची आवश्यकता नाही, कारण आम्ही नोकरी मागतच नाही. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही आठवडे प्रत्यक्ष काम करावे लागते. धारवाडच्या दोन विद्यार्थिनींना दर वर्षी सहा आठवड्यांसाठी पणजीत बोलवावे, राहण्याची सोय आणि माफक विद्यावेतन द्यावे, आणि त्यांच्या शेजारी गोव्याचे दोन विद्यार्थी बसवावेत. लिपी एकांनी शिकवावी, पोर्तुगीज शिरोलेख दुसऱ्यांनी वाचून दाखवावेत. बदल्यात गोव्याच्या मुलांना धारवाडला धाडावे. बांधणीचे काम शिकण्यासाठी त्यांना एखाद्या जुन्या बांधणीकाराच्या दुकानात रोज दोन तास उभे करावे. उपकराच्या रकमेतून एवढा खर्च भागण्यास हरकत नसावी. ग्रंथालय संचालनालय आणि पुराभिलेख खाते यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी एकत्र बसून निदान एक पेटी निवडावी, जिच्यातील कागदांची अद्याप यादी झालेली नाही, आणि तेवढ्यापुरतेच पत्र विद्यापीठाला लिहावे.