जळगावची मांडणी धुळ्यास नेताना

गतवर्षी आमच्या स्नेहसंमेलनाचे थेट प्रक्षेपण जळगावास निर्विघ्न पार पडले. तीच मांडणी लॅपटॉपवर घेऊन आम्ही पुढे धुळ्याच्या कार्यक्रमास गेलो. पडदा उघडला, स्वागतगीत सुरू झाले. पण घरी बसून पाहणारांस दिसला केवळ काळोख! सुरतेस कामाधंद्यासाठी राहिलेले कित्येक खानदेशी पालक आपली मुले पाहावयास फोन हाती धरून बसले होते. चूक सर्वस्वी माझी होती. ती कोणती, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रक्षेपणासाठी आम्ही 'ओबीएस स्टुडिओ' वापरतो. ओबीएस प्रथम २०१२ साली निघाले व ते विनामूल्य मिळते. त्यात कॅमेरा, बोधचिन्ह, नावाची पट्टी पडद्यावर कोठे असावी, हे 'सीन कलेक्शन'मध्ये साठते. चित्राचा आकार आणि प्रक्षेपण कोठे धाडावयाचे, हे 'प्रोफाइल'मध्ये. या दोन्ही नावांच्या मेनूंतून 'एक्स्पोर्ट' करावे व नव्या संगणकावर 'इम्पोर्ट' करावे. एवढे मी केले होते.

परंतु सीन कलेक्शनच्या फाइलीत चित्रे व गाणी नसतात. ती कोठे ठेविली आहेत, तो पत्ता मात्र असतो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यासच वारले व त्यांचे दप्तर तेथील राजवाडे संशोधन मंडळात जपले गेले. त्या दप्तराची यादी कोणी जळगावास उतरून आणली, तर कागद काही तिच्यामागून चालत येणार नाहीत! म्हणून चित्रे व गाणी एकाच फोल्डरात ठेवून तो फोल्डर सोबत न्यावा, आणि दोन्ही संगणकांवर त्याची जागा व नाव एकच असावे. २०२१ च्या २७ व्या आवृत्तीपासून हरवलेल्या फाइलींची यादी प्रोग्राम आपण होऊन दाखवितो. तेथे नवा पत्ता देता येतो.

कॅमेऱ्याची गोष्ट निराळी. दुसऱ्या संगणकास तो दुसऱ्याच ओळखीने ठाऊक असतो, म्हणून तो पुन्हा निवडावाच लागतो. आमचा काळोख तो हाच. मराठी अक्षरांचे फॉन्ट व जादा प्लगिनही नव्या ठिकाणी वेगळे बसवावे लागतात. जुन्या यंत्रात एनव्हिडियाचे कार्ड असून नव्यात नसेल, तर 'आउटपुट'मध्ये एन्कोडर बदलून एक्स२६४ करावा.

आणखी एक. प्रोफाइलमध्ये 'स्ट्रीम की' असते. ती ज्याच्या हाती पडेल, त्यास आपल्या शाळेच्या नावाने प्रक्षेपण करता येईल. तो पेनड्राइव्ह मित्रास उसना देऊ नये.

कॅमेरा सापडेपर्यंत स्वागतगीत संपले होते. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या वडिलांचा सुरतेहून फोन आला. "सर, आवाज ओळखला तिचा," ते म्हणाले. "गाणं पुन्हा बघायला मिळेल का?" रेकॉर्डिंग होते, पण त्यातही काळोखच होता.