दोन सनदा

एकटीने वकिली करणाऱ्या बाईची घडण लिहून आणा, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून अंबरनाथला गेलो. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीवर बार कौन्सिलची सनद होती आणि टेबलावर, प्लास्टिकच्या पिशवीत, दुसरी सनद: उल्हासनगरच्या जमिनीची. माझं लक्ष त्या दुसरीवरच खिळलं.

वकीलबाईंचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. पदवी, तीन वर्षांचं एलएल.बी., मग कल्याण कोर्टात सिनिअरच्या हाताखाली नकला काढणं, मुदतीचे अर्ज लिहिणं. सनदेला पैसे भरायचे होते तेव्हा घरात चणचण होती. 1923 साली बाबासाहेबांनाही सनदेसाठी मित्र नवल भथेना यांच्याकडून पैसे घ्यावे लागले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये नोंदणी शुल्क कायद्यातल्या 750 रुपयांवर आणलं. फार आधी व्हायला हवं होतं.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं. विस्थापितांच्या 1954 च्या कायद्याखाली बराकी, भूखंड सनदा देऊन नावावर झाले. तो कायदा 2005 मध्ये रद्द झाला, सनदा मात्र घराघरांत आहेत.

वकीलबाई सनद वाचतात ती खालून. आधी चतुःसीमा, मग क्षेत्रफळ, नाव सगळ्यात शेवटी. शेजारची बराक पाडून मजले चढले असले तर ‘पूर्वेस बराक’ याला अर्थ उरत नाही. मग त्या स्वतः टेप घेऊन जागेवर जातात. मला हे मोजणं फार मोलाचं वाटलं. 28 मे 2021 ला उल्हासनगरात पाचव्या मजल्याचा स्लॅब खालपर्यंत कोसळून सात जण गेले. अशी इमारत पुन्हा बांधायची तर पहिला प्रश्न येतो, जमीन कोणाची? 2006 मध्ये बेकायदा बांधकामं नियमित करण्यासाठी खास उल्हासनगरचा कायदा झाला, तरी तो प्रश्न अडतोच.

वकीलबाईंकडे क्लार्क नाही, ज्युनिअर टिकत नाही. उल्हासनगर आणि कल्याणचा पुकारा एकाच वेळी झाला की एकीकडे मुदत मागावी लागते आणि अशिलाचा दिवस फुकट जातो. आणि वकील वारला की त्याचं वकीलपत्रही संपतं. अशिलाला नवा वकील द्यावा लागतो.

म्हणून प्रत्येक फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर त्यांनी एका मैत्रिणीचा नंबर लिहिलाय. तीही वकील, तीही एकटीच.