कुरळ्या केसांची परतवाट

बाईच्या डोक्यावरचे केस तिच्या एकटीच्या मालकीचे नसतात, ही गोष्ट आपल्या जुन्या घराण्यांतील मंडळींना समजावून सांगावयास नको. अलवण नेसलेल्या आजींची आठवण ज्या घरांतून आजही निघते, त्या घरांना केशवपन म्हणजे काय हे ठाऊक आहे. १८९० साली मुंबईच्या नाभिक मंडळींनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निश्चय केला, तेव्हा कोठे ह्या प्रश्नाला उघड तोंड फुटले. बाईने केस ठेवावेत की काढावेत, हे ठरविणारे लोक दुसरेच असत. आज ज्या स्त्रियांची हकीकत येथे सांगावयाची आहे त्यांच्या केसांना वस्तरा लागला नाही. पण ते कसे दिसावेत हे मात्र इतरांनीच ठरविले.

ह्या स्त्रिया अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया होत. मराठी वाचकांना ह्या समाजाची ओळख नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ अमेरिकेतील दास्य नाहीसे करणाऱ्या सदाचारी लोकांनाच अर्पण केला होता. दास्य कायद्याने गेले, पण गोऱ्या समाजाने घालून दिलेली सौंदर्याची मोजपट्टी राहिली. सरळ व लांब ते 'चांगले' केस आणि घट्ट कुरळे ते 'वाईट' केस, ही विभागणी त्या समाजाच्या घराघरांत शिरली. नोकरी हवी असेल, शाळेत नाव राहावयाचे असेल, तर केस सरळ दिसले पाहिजेत असे आईच मुलीला सांगू लागली. पुरुषही ह्यातून सुटले नाहीत. माल्कम एक्स यांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात, तरुणपणी कॉस्टिक, अंडी व बटाटे यांचा लगदा डोक्यावर थापून केस सरळ करून घेतल्याचे व त्या वेळी टाळू कशी पेटली त्याचे वर्णन केले आहे.

केस सरळ करण्याचा धंदा शंभर वर्षांहून जुना आहे. प्रथम तापविलेला लोखंडी कंगवा आला. क्लीव्हलंडचे संशोधक गॅरेट मॉर्गन यांना शिवणयंत्राच्या सुईला लावावयाचे द्रावण तयार करताना त्याने कुरळे तंतू सरळ होतात असे आढळले आणि १९१३ साली त्यांनी त्याचा व्यवसाय थाटला. १९५४ साली शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी कंपनी काढली आणि पुढे तिची केस सरळ करण्याची द्रव्ये घरोघर पोहोचली. ह्या द्रव्यांना तिकडे 'रिलॅक्सर' म्हणतात. ह्या सगळ्यांत मॅडम सी. जे. वॉकर यांचे नाव वेगळे काढले पाहिजे. १८६७ साली लुइझियानात एका पूर्वीच्या गुलाम कुटुंबात जन्मलेली ही बाई, विसाव्या वर्षी विधवा झाली आणि लोकांचे कपडे धुऊन मुलीला वाढवू लागली. तिचेच केस झडू लागले, तेव्हा तिने टाळूला लावावयाचे गंधकयुक्त मलम विकावयास घेतले आणि डोके वेळच्या वेळी स्वच्छ धुवावे असा उपदेश सुरू केला. केस सरळ करणे हा आपला धंदा नसून केस वाढविणे हा आहे, असे ती आग्रहाने सांगे. १९१९ साली ती वारली तेव्हा हजारो स्त्रिया तिची मालविक्री करून स्वतःच्या पायांवर उभ्या होत्या.

आता रिलॅक्सर करतो काय, ते पाहू. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्या प्रथिनाचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांस बांधलेले असतात. केसांचे वळण टिकविण्यात ह्या बंधांचा मोठा वाटा असतो. सोडियम हायड्रॉक्साइडसारखे तीव्र अल्कली हे बंध तोडते आणि त्या जागी दुसरेच पक्के बंध तयार करते. ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो. जखम भरून यावी तसा तो भरून येत नाही. वठलेल्या फांदीला जशी पालवी फुटत नाही तसेच हे आहे. जिवंत असते ते मूळ. म्हणून एकदा सरळ केलेला केस तसाच राहतो आणि मुळातून येणारा नवा केस मात्र आपल्या जन्मजात वळणाने कुरळा येतो. सरळपणा राखावयाचा तर दर दोन-तीन महिन्यांनी नव्या वाढीला पुन्हा द्रव्य लावावे लागते.

आणि खरी हानी होते ती ह्या ये-जा करण्यात. १९६० नंतरच्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीबरोबर आपले कुरळे केस गोल पिसाऱ्यासारखे मोकळे सोडण्याची लाट आली आणि तो स्वाभिमानाचा ध्वज ठरला. नंतर पुन्हा सरळ केसांचे दिवस आले आणि एकविसाव्या शतकात पुन्हा नैसर्गिक केसांकडे ओढा वाढला. एकाच बाईच्या आयुष्यातही असेच घडते. दोन वर्षे कुरळे ठेवले, मुलाखत आली म्हणून सरळ केले, मन विटले म्हणून पुन्हा सोडून दिले. नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या २०१३ सालच्या 'अमेरिकाना' ह्या कादंबरीतील नायिका इफेमेलू नोकरीच्या मुलाखतीसाठी केस सरळ करून घेते, टाळू पोळून घेते आणि पुढे केस गळू लागल्यावर ते अगदी आखूड कापून टाकावे लागतात. कादंबरीतील ही गोष्ट कित्येक जणींची आहे. दर खेपेला आधीच सरळ केलेल्या केसांवर द्रव्य पुन्हा चढले, की तो भाग दुप्पट दुबळा होतो. एका प्रकारच्या द्रव्याने वळविलेल्या केसांवर दुसऱ्या प्रकारचे द्रव्य लावले तर केस हातात तुटून येतात. रंग उडविलेल्या केसांचीही तीच गत होते.

परतावयाचे ठरविले तर वाटा दोन. पहिली, सरळ केलेला सगळा भाग एकदम कापून टाकून बोटाच्या पेराएवढ्या कुरळ्या केसांपासून आरंभ करणे. ह्याला धाडस लागते, पण कटकट कमी. दुसरी, केस वाढू देत टोके थोडीथोडी कापीत जाणे. ह्या वाटेने वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहूनही अधिक लागते आणि सर्वांत जपावी लागते ती जोडाची रेघ. जेथे नवा कुरळा केस व जुना सरळ केस एकत्र येतात, तेथेच तो बहुधा तुटतो.

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. 'माझे केस वाढतच नाहीत' असे पुष्कळ जणी म्हणतात. टाळूवरचा केस सर्वसाधारणपणे महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत ही वाढ काहीशी मंद असते, पण ती चालू असते. मुळाकडे जेवढा वाढतो तेवढाच टोकाकडे तुटतो, म्हणून लांबी दिसत नाही. शिवाय कुरळा केस आक्रसून आपल्या खऱ्या लांबीच्या निम्माही दिसत नाही. तेव्हा वाढविणे आपल्या हाती नाही. तुटू न देणे मात्र आहे. ह्या कामी जगातील कोणत्याही बाटलीपेक्षा रोजचे वळण अधिक उपयोगी पडते.

ते वळण असे. कुरळ्या केसांत टाळूचे नैसर्गिक तेल टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून ते कोरडे पडतात. आठवड्याने किंवा पंधरवड्याने सौम्य साबणद्रव्याने न्हावे आणि नंतर केस मऊ करणारे कंडिशनर भरपूर लावावे. केस ओले व निसरडे असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने, टोकापासून सुरुवात करून वर वर जात गुंता सोडवावा. कोरड्या केसांत बारीक फणी घालणे म्हणजे केस तोडणेच. ओलसर केसांवर तेलाचा हलका हात फिरविला तर ओलावा टिकतो. खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी होते, असे मुंबईतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केले. आपल्या आज्यांना हे वाचून नवल वाटले नसते. रात्री सुती उशीवर केस घासू नयेत म्हणून तिकडच्या बायका गुळगुळीत सॅटिनची टोपी घालतात. केस पेड घालून बांधावेत, पण सैल. कपाळाच्या व कानशिलांच्या कडेला सतत ओढ बसेल अशा घट्ट वेण्यांनी तेथील केस मागे हटतात आणि वर्षानुवर्षे तसेच चालले तर मुळे कायमची मरतात. डोक्याच्या मध्यावर टक्कल पसरत जाणे, टाळू गुळगुळीत व चकचकीत होणे, आग होणे, ही लक्षणे दिसली तर घरगुती उपाय बाजूस ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे लगेच जावे. त्या रोगात व्रण पडून मुळे नष्ट होतात आणि गेलेले मूळ परत येत नाही. वेळीच उपचार झाले तर उरलेली वाचू शकतात.

प्रश्न आता केवळ रूपाचा उरलेला नाही. अमेरिकेतील ३३,४९७ स्त्रियांच्या सुमारे ११ वर्षांच्या पाहणीवरून २०२२ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. केस सरळ करण्याची रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असेल, असा त्यात अंदाज निघाला. रसायनानेच रोग झाला असे ह्यावरून सिद्ध होत नाही, पण विचार करण्यास हे पुरेसे आहे. कायद्यानेही थोडे पाऊल उचलले आहे. २०१९ साली कॅलिफोर्नियाने नैसर्गिक केसांवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करण्यास बंदी केली आणि मग अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरविला. केस जसे उगवतात तसे ठेवण्यास कायदा करावा लागावा, ह्यातच सर्व कहाणी आली.

ही दूरदेशची गोष्ट म्हणून पान उलटावे असे मात्र नाही. तिरुपतीला आपण श्रद्धेने जे केस वाहतो त्यांचा लिलाव होतो आणि त्यांतून बनलेले गंगावन व टोप तिकडच्या बायकांच्या डोक्यांवर चढतात. आपल्या गावच्या केशभूषागृहांतूनही लग्नसराईत 'रिबाँडिंग' व 'केराटिन' यांच्या पाट्या झळकतात. रिबाँडिंगचे द्रव्य निराळे असले तरी तेही गंधकाचे बंध तोडूनच काम करते आणि केराटिनच्या कित्येक मिश्रणांतून तापविल्यावर कर्करोगकारक फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. घरातील एखाद्या मुलीचे केस जन्मतः कुरळे असले, की 'हे केस कसे ग आवरायचे?' असे आपणच तिला लहानपणापासून ऐकवतो. पुढे ती सरळ केसांसाठी पैसे मोजते, त्याचे बी तेथे पडलेले असते.

कोणी केस सरळ करावेत, कोणी कुरळे ठेवावेत, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. पण आवड आपली आहे की भीतीपोटी घेतलेली, एवढे एकदा तपासून पाहावे. ज्या स्त्रियांनी परतवाट धरली त्यांना पहिले काही महिने आरशात स्वतःचा चेहरा परका वाटतो असे त्या सांगतात. कित्येक जणींनी आपला मूळ केस जाणत्या वयात प्रथमच पाहिलेला असतो. ह्या काळात घरच्यांनी टीका केली नाही तरी पुष्कळ झाले. बाकीचे काम मुळे करतात, महिन्याला एका सेंटिमीटरच्या हिशेबाने.