लोकसहभाग हवा, तर आधी गावाचं वेळापत्रक पाहा

बीड जिल्ह्यात काम करणाऱ्या संस्थांची नेहमीची अडचण म्हणजे ‘लोक येत नाहीत’. पण बैठक ठेवली जाते तेव्हा लोक गावात तरी असतात का? दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. वडवणी, धारूर, केज, पाटोदा भागातल्या कित्येक वस्त्यांवर मागे उरतात म्हातारी माणसं आणि पोरं. नेमका तेव्हाच संस्थांना मार्चअखेरीपूर्वी निधी खर्ची घालायचा असतो.

२०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेसाठी वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीन तालुके निवडले गेले. स्पर्धा उन्हाळ्यात होती. तोवर बहुतेक ऊसतोड टोळ्या परतलेल्या असतात. शिवाय श्रमदानाआधी गावातल्याच स्त्री-पुरुषांना पाणलोटाचं प्रशिक्षण मिळालं. चर कुठे नि का खोदायचा, हे गावाला कळलं होतं.

तरीही एक पेच राहतोच. बंधाऱ्याचं पाणी मुरतं ते जमीनवाल्याच्या विहिरीत. भूमिहीन मजुरानं दिवसाची मजुरी बुडवून तिथे का राबावं? त्याच्या वस्तीची पिण्याच्या पाण्याची सोय, जनावरांचा चारा यांचा विचार आराखड्यात आधीच झाला नसेल, तर त्याच्या न येण्याला उदासीनता म्हणणं अन्यायाचं आहे.

दुसरी अडचण पैशाची. देणगीदाराला इमारत किंवा बंधारा दिसतो. वर्षभर वाड्या-वस्त्या फिरणाऱ्या कार्यकर्त्याच्या मानधनाला मात्र हात आखडतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थांना आपला परदेशी निधी लहान संस्थांकडे वळवता येत नाही. त्यामुळे तालुक्यातल्या छोट्या संस्थांचा आणखी एक आधार गेला.

विश्वास मात्र कार्यकर्त्याच्या अशा फिरण्यातूनच जमतो. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये उभी केलेली ‘मानवलोक’ संस्था शेती, पाणी आणि स्त्रियांचे प्रश्न हाती घेत चार दशकं टिकली. बीड जिल्ह्यातल्याच आर्वीच्या ‘शांतिवन’ संस्थेनं ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. आईबाप फडावर असताना मूल शाळेत राहावं, ही त्या घराची खरी गरज होती.

म्हणून संस्थांनी बैठकीची तारीख गावाला विचारून ठरवावी, जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि भूमिहीनांचा वाटा पहिल्याच ठरावात लिहावा. देणगीदारांनीही बंधाऱ्याइतकाच कार्यकर्ता महत्त्वाचा मानावा. लोकांना निर्णयात जागा मिळाली, तर श्रमदानासाठी त्यांची मनधरणी करावी लागणार नाही.