ऊसतोड कामगारांची वार्धक्यसुरक्षा

ऊसतोड कामगारांची वार्धक्यसुरक्षा म्हणजे साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या हंगामी स्थलांतरित मजुरांना कामाचे वय सरल्यावर आधार देऊ शकणारी निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, शासकीय अर्थसाहाय्य आणि खासगी बचत यांची व्यवस्था होय. महाराष्ट्रात ही व्यवस्था विस्कळीत आहे. कारखान्याच्या फाटकाआत काम करणारा कामगार भविष्य निर्वाह निधीचा सभासद असतो. त्याच कारखान्याच्या गव्हाणीत पडणारा ऊस तोडणारा मजूर मात्र व्यवहारात या निधीबाहेर राहिला आहे.

पार्श्वभूमी

राज्यातील ऊसतोड कामगारांची संख्या निरनिराळ्या अंदाजांनुसार आठ ते बारा लाख मानली जाते. त्यांत बीड जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. बालाघाटच्या डोंगररांगेवरील हलक्या जमिनी, अनियमित पाऊस आणि खरिपानंतर गावात न मिळणारे काम ही स्थलांतराची प्रमुख कारणे होत. धुळे–सोलापूर महामार्गावरील चौसाळा हे बीड तालुक्यातील गाव याच पट्ट्यात येते. या भागातील टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांकडे व कर्नाटकातील बेळगाव, बागलकोटकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

कामाचे एकक व्यक्ती नसून जोडी आहे. पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात व एकट्या मजुरास ‘अर्धा कोयता’. हिशेब जोडीच्या नावे, म्हणजे बहुधा पुरुषाच्या नावे होतो. त्यामुळे निम्मे काम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमाची वेगळी नोंद राहत नाही. निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही, कारण अंशदानावर आधारलेल्या प्रत्येक योजनेचा पाया व्यक्तीच्या नावावरील नोंद हाच असतो.

उचल आणि बचत

हंगामापूर्वी मुकादम मजुरांना आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. लग्न, आजारपण, पेरणी, घरबांधणी किंवा जुने देणे यांवर ती बहुधा प्रवासास निघण्याआधीच खर्च होते आणि पुढील काही महिन्यांच्या तोडणीतून फेडली जाते. सर्वसाधारण नोकरदार आधी काम करतो, मग वेतन घेतो आणि त्यातील काही भाग भविष्यासाठी वळता करतो. ऊसतोड कामगाराच्या बाबतीत क्रम उलटा आहे. हंगामाचा पहिला दिवस उजाडतो तेव्हाच त्याच्या अंगावर देणे असते.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत झालेल्या समझोत्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि मूळ दर प्रतिटन सुमारे ३६६ रुपये झाला. या दराने एक लाख रुपयांची उचल फेडण्यास सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. एका जोडीने दिवसाला दोन टन तोडले, तर हे काम १३७ दिवसांचे होते. त्यात पाऊस, आजार, वाहन न येणे यांमुळे पडणारे खाडे धरलेले नाहीत आणि हंगामात कोपीवर होणारा खाण्यापिण्याचा खर्चही धरलेला नाही. अनेक कारखान्यांचा हंगाम एवढे दिवस चालतच नाही. जनावरांसाठी वाढे विकून काही रोख पैसे मिळतात, ते आठवड्याच्या बाजारात संपतात. हंगामाअखेर हिशेबात बाकी निघाली, तर ती पुढील वर्षाच्या उचलीत मिळवली जाते. अशा कुटुंबाला दरमहा बचतीचा सल्ला देणे सोपे असले, तरी ती रक्कम कोणत्या महिन्यात बाजूला काढायची, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

कामाचे आयुष्यही तुलनेने लवकर संपते. मोळी डोक्यावर घेऊन वाहनात भरण्याच्या कामामुळे पाठ, मान व गुडघ्यांचे विकार जडतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण पाहण्यासाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती. खाडा पडल्यास होणारा दंड आणि फडावर स्वच्छतेच्या सोयींचा अभाव यांची चर्चा त्या निमित्ताने झाली. साठ वर्षे हे निवृत्तीचे वय धरणाऱ्या योजना अशा शरीरांसाठी उशिराच्या ठरतात.

भविष्य निर्वाह निधी आणि साखर कारखाना

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी व संकीर्ण उपबंध अधिनियम, १९५२ हा वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होत आला आहे. कर्मचारी वेतनाच्या १२ टक्के भरतो व मालक तेवढीच रक्कम घालतो. मालकाच्या हिश्श्यातील ८.३३ टक्के भाग कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये जातो. दहा वर्षांची सेवा झाल्यास ५८ व्या वर्षापासून निवृत्तिवेतन मिळते. ते काढण्याचे सूत्र असे : निवृत्तिवेतनयोग्य वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. सप्टेंबर २०१४ पासून वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे. संपूर्ण १५ वर्षांची सेवा या मर्यादेवर धरली, तरी दरमहा सुमारे ३,२१४ रुपये येतात. किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये असून ते वाढवून ७,५०० रुपये करावे व त्यावर महागाई भत्ता द्यावा, या मागणीसाठी बुलढाण्यातून देशव्यापी आंदोलन उभे राहिले. त्यात महामंडळांच्या व सहकारी संस्थांच्या निवृत्त कर्मचाऱ्यांसोबत साखर कारखान्यांतील कामगारही आहेत. फाटकाआतील कामगाराची सुरक्षा अशी तुटपुंजी आहे. तरीही ती अस्तित्वात आहे.

या योजनेतील एक तरतूद ऊसतोडीच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. हंगामी आस्थापनेतील कर्मचाऱ्याने वर्षभरात प्रत्यक्ष केलेली सेवा वर्षापेक्षा कमी भरली, तरी निवृत्तिवेतनासाठी ती पूर्ण वर्ष धरली जाते. साखर कारखान्यात गाळपाच्या काळापुरते काम करणाऱ्या हंगामी कामगाराचे दहा हंगाम म्हणूनच दहा वर्षांची सेवा होतात. काम हंगामी असल्यामुळे निवृत्तिवेतन देता येत नाही, हा युक्तिवाद त्यामुळे कायद्याच्या पातळीवर टिकत नाही. मजुराला योजनेबाहेर ठेवणारे कारण हंगाम नसून त्याचा मालक कोण, हा न सुटलेला प्रश्न आहे.

मालक कोण?

ऊस शेतकऱ्याचा, गाळप कारखान्याचे, वाहन वाहतूक ठेकेदाराचे आणि टोळी मुकादमाची अशी ही साखळी आहे. कारखाना किंवा त्याच्याशी संलग्न तोडणी-वाहतूक संस्था ठेकेदाराशी करार करते, ठेकेदार मुकादमाला व मुकादम मजुरांना उचल देतो. मजुराचा कारखान्याशी लेखी संबंध बहुधा नसतो. तोडणी केव्हा, कोणत्या फडात व कोणत्या क्रमाने करावयाची, हे मात्र कारखान्याचा शेती विभाग ठरवतो.

१९५२ च्या अधिनियमातील ‘कर्मचारी’ या संज्ञेत आस्थापनेच्या कामाशी संबंधित कामावर ठेकेदारामार्फत नेमलेली व्यक्तीही येते. विडी उद्योगात हाच वाद उपस्थित झाला होता. घरी बसून विड्या वळणाऱ्या व ठेकेदारामार्फत काम मिळणाऱ्या कामगारांनाही भविष्य निर्वाह निधी लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. तयार विडी नाकारण्याचा अधिकार कारखानदाराकडे असणे, ही नियंत्रणाची पुरेशी खूण मानली गेली. ऊसतोडीत कारखान्याचे नियंत्रण याहून कमी आहे, असे म्हणणे अवघड आहे. तरीही दरवाढीच्या त्रैवार्षिक वाटाघाटींत तोडणीचा दर आणि मुकादमाचे कमिशन हेच मुख्य विषय राहिले. कमिशन टक्केवारीने ठरते व टनाच्या हिशेबातच काढले जाते. म्हणजे टनामागे टक्केवारीने रक्कम काढून तिसऱ्याला देण्याची पद्धत या उद्योगाला अपरिचित नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. तिच्यातही ठेकेदारामार्फत नेमलेल्या व्यक्तीचा कर्मचाऱ्यांत समावेश आहे आणि असंघटित कामगारांसाठी स्वतंत्र योजना आखण्याचा अधिकार शासनास दिलेला आहे.

ऐच्छिक योजना

अटल पेन्शन योजना २०१५ मध्ये सुरू झाली. १८ ते ४० वर्षे वयाच्या खातेदाराला साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी त्यात आहे. हप्ता मासिक, तिमाही किंवा सहामाही भरता येतो. एकदम पैसे हाती येणाऱ्या मजुरास सहामाही हप्ता त्यातल्या त्यात सोयीचा आहे. २०१९ मधील प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना खास असंघटित कामगारांसाठी आहे. मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेली व १८ ते ४० वयोगटातील व्यक्ती वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरते, केंद्र शासन तेवढीच भर घालते आणि साठीनंतर ३,००० रुपये मिळतात. खातेदाराच्या पश्चात जोडीदारास निम्मी रक्कम मिळते.

दोन्ही योजनांत चाळिशी ओलांडलेल्या मजुराला प्रवेश नाही, म्हणजे ज्यांचे म्हातारपण जवळ आले त्यांनाच दार बंद आहे. दुसरी उणीव महागाईची आहे. मानधन योजनेत २९ व्या वर्षी दाखल झालेला मजूर दरमहा १०० रुपये भरतो. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर ३१ वर्षांनी मिळणाऱ्या ३,००० रुपयांची खरेदीशक्ती प्रवेशाच्या वेळच्या सुमारे ६६० रुपयांइतकी राहते.

वृद्धांसाठी अर्थसाहाय्य

अंशदान न भरलेल्यांसाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधार वृद्धांना तिच्यातून दरमहा १,५०० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ही रक्कम १,००० रुपये होती. विधवा, दिव्यांग व दुर्धर आजारी व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयामार्फत होतात. चौसाळ्याच्या परिसरातील वृद्धाला त्यासाठी बीडची वारी करावी लागते, आणि हिवाळ्यात घरातली कर्ती माणसे फडावर असल्याने सोबत कोणी नसते.

कल्याण महामंडळ

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेले ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत आहे. गाळप झालेल्या उसावर कारखान्यांनी प्रतिटन १० रुपये द्यावेत व राज्य शासनाने तेवढीच भर घालावी, अशी त्याच्या निधीची रचना आहे. ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम याच व्यवस्थेतून सुरू झाले. मुलांच्या वसतिगृहांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची योजना आहे.

राज्यात चांगल्या वर्षी दहा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला जातो. दहा कोटी टन धरल्यास दोन्ही हिस्से मिळून वर्षाला २०० कोटी रुपये होतात. दहा लाख मजुरांत विभागल्यास माणशी २,००० रुपये येतात. वसतिगृहे, विमा व आरोग्य यांचा खर्च वगळता निवृत्तिवेतनासाठी यातून फारसे उरत नाही. पण २९ वर्षांच्या मजुराचा मानधन योजनेतील वर्षाचा हिस्सा १,२०० रुपयेच असतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. टनावर बसवलेली वर्गणी वाढवणे हा त्यामुळे या चर्चेतील मध्यवर्ती मुद्दा ठरतो. साखरेचा भाव व उसाची किमान किंमत यांच्या कात्रीत सापडलेले कारखाने त्यास नाखूश असतात.

माथाडी मंडळांचा नमुना

अनेक मालकांकडे फिरते काम करणाऱ्या अंगमेहनती कामगारांसाठी महाराष्ट्रातच एक जुनी व्यवस्था आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ आला. या कायद्याखालील मंडळाकडे कामगार व मालक दोघांचीही नोंदणी होते. मालक मजुरी व तिच्यावरील ठरावीक टक्केवारीची लेव्ही मंडळात भरतो, आणि मंडळ कामगाराला मजुरी देऊन भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा यांचा हिशेब ठेवते. कामगार आज एका गाळ्यावर व उद्या दुसऱ्या गाळ्यावर असला, तरी खाते एकच राहते.

ऊसतोड कामगारांसाठी असे मंडळ असावे, ही मागणी या नमुन्याकडे बोट दाखवते. मोठा फरक उचलीचा आहे. माथाडी कामगाराची मजुरी मंडळातून जाते म्हणून कपात शक्य होते. ऊसतोड कामगाराची मजुरी हंगामापूर्वीच मुकादमाच्या हातून गेलेली असते. उचल बँकेमार्फत, मजुराच्या व त्याच्या पत्नीच्या स्वतंत्र खात्यांवर दिली गेल्याशिवाय कपातीला जागाच मिळत नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक खेपेचे वजन वाहनाच्या व ठेकेदाराच्या नावासह नोंदले जाते. त्या नोंदीत तोडणाऱ्या जोडीची दोन नावे घातली, तर सेवेचा पुरावा तेथेच तयार होतो.